जुन्या वर्कस्टेशनवर व्हीएस कोड बसत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमाच्या लॅबमध्ये जुनी वर्कस्टेशन आहेत. बहुतेकांवर विंडोज ७ आहे, त्यातल्या काहींवर ३२-बिट. मागच्या रांगेत उबुंटू १८.०४. टर्बो सी सोडून या टर्मपासून सी आणि पायथन दोन्ही व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या मोफत कोड-एडिटरवर घ्यायचं ठरलं आहे. ताजा सेटअप उतरवून घेतला, तर विंडोजवर 'डिस्कार्डव्हर्च्युअलमेमरी हा एन्ट्री पॉइंट कर्नल३२ डीएलएलमध्ये सापडला नाही' अशी खिडकी येते. पायथन चालवलं की 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम' नावाची डीएलएल (प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार फंक्शनांची फाइल) गायब असल्याचं सांगतं. उबुंटूवर 'जीलिबसी २.२८ नॉट फाउंड'. एका मशीनवर तर डाउनलोडची साइटच उघडत नाही. आणि सर्व्हिसवाल्याचा सल्ला आहे, सरळ फॉरमॅट मारा.

फॉरमॅट मारू नका. हे आधी सांगतो, कारण त्याने तुमचं काम वाढेल. जुन्या डीव्हीडीवरून विंडोज ७ पुन्हा टाकलं की इतक्या वर्षांत आलेले सगळे अपडेट पुसले जातात आणि मशीन आहे त्यापेक्षा मागे जातं. शिवाय मायक्रोसॉफ्टने आपले अपडेट फक्त शा-२ या नव्या प्रकारच्या डिजिटल सहीने द्यायला सुरुवात केल्यापासून कोरं विंडोज ७ स्वतःहून अपडेट घेऊच शकत नाही. ती सही ओळखायला लागणारे पॅच आधी हाताने बसवावे लागतात. म्हणजे फॉरमॅटनंतर 'चेकिंग फॉर अपडेट्स' बघत बसायचं, आणि शेवटी हाच एरर परत.

तुम्ही दिलेल्या चार तक्रारींमध्ये एडिटरचा बिघाड एकही नाही. प्रत्येक एरर एडिटरच्या खालच्या थराबद्दल बोलतो आहे: घड्याळ, विंडोजची आवृत्ती, सी रनटाइम (सी च्या तयार फंक्शनांचा संच), लिनक्सची सी लायब्ररी म्हणजे जीलिबसी. एररमध्ये जे नाव येतं ते थर दाखवतं, म्हणून तो बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायची सवय लावा. 'इन्स्टॉल होत नाही' एवढ्यावरून काहीच करता येत नाही. तुम्ही शब्दशः मजकूर पाठवलात, म्हणून हे उत्तर देता येतंय.

साइट न उघडणाऱ्या मशीनचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागची असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. सीआर२०३२ हा सेल कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळतो. मेन स्विच बंद केला की घड्याळ शून्यावर जातं, आणि तारीख मागची असली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं वाटतं. तारीख बरोबर असूनही साइट नाकारली जात असेल, तर दोन शक्यता उरतात. एक, मशीनवर इंटरनेट एक्सप्लोररची जुनी आवृत्ती आहे आणि तिच्यात टीएलएस १.२, म्हणजे सुरक्षित जोडणीची पद्धत, बंद आहे. दोन, मशीनवरची मूळ प्रमाणपत्रंच, म्हणजे ज्यांच्या भरवशावर बाकीची तपासली जातात तीच, जुनी आहेत; साइटना मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, तेव्हा जगभरातली अशी असंख्य मशीन अडली होती. पण लॅबसाठी या भानगडीत पडूच नका. सगळे सेटअप एका नव्या मशीनवर उतरवा आणि पेनड्राइव्हने न्या. पेनड्राइव्हवरून कॉपी केलेली फाइल शाबूत पोहोचली का, हे तपासायला विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आधीपासून असते. तिला हॅशफाइल हा पर्याय, फाइलचं नाव आणि शा२५६ दिलं की लांबलचक आकडा येतो. दोन्ही मशीनवर तो सारखा आला पाहिजे. अर्धवट कॉपी झालेल्या सेटअपचे एरर फार फसवे असतात, म्हणून एवढे दोन मिनिट द्या.

आता प्रत्येक मशीनबद्दल तीन गोष्टी एका कागदावर लिहून काढा. स्टार्टमध्ये 'विनव्हर' लिहून एंटर मारलं की आवृत्ती दिसते. तिथे सर्व्हिस पॅक १ असं लिहिलेलं आहे का ते बघा. कंट्रोल पॅनेलच्या 'सिस्टिम'मध्ये विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट ते कळतं. आणि तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: प्रोसेसर कुठला आहे. जुन्या लॅबमध्ये मला वारंवार दिसलंय की प्रोसेसर कोअर २ ड्युओ, म्हणजे ६४-बिटचा, आणि त्यावर टाकलेलं विंडोज मात्र ३२-बिटचं. विंडोज ७ मध्येच 'परफॉर्मन्स इन्फर्मेशन अँड टूल्स'च्या तपशिलात '६४-बिट केपेबल' अशी ओळ असते. तिथे 'येस' असेल तर त्या मशीनला पुढे वाट आहे. रॅम किती तेही शेजारी लिहा.

यादी झाली की पहिल्या एररचा उलगडा होतो. डिस्कार्डव्हर्च्युअलमेमरी हे फंक्शन विंडोज ८.१ पासून आलं. विंडोज ७ च्या कर्नल३२ मध्ये ते नाहीच. व्हीएस कोड इलेक्ट्रॉन या तयार ढाच्यावर उभा आहे आणि इलेक्ट्रॉन क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमियमच्या ११० व्या आवृत्तीने विंडोज ७, ८ आणि ८.१ सोडलं, त्याबरोबर इलेक्ट्रॉन २३ नेही सोडलं. व्हीएस कोडने त्याच्या थोडं आधीच हात काढला होता. म्हणून ताजा सेटअप कितीही वेळा चालवा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, कम्पॅटिबिलिटी मोड लावा, काहीही होणार नाही. जे फंक्शन मशीनवर नाही ते कुठल्याही टिकमार्कने येत नाही.

विंडोज ७ साठी शेवटची आवृत्ती १.७०.३. तीच हवी, ती ३२-बिट आणि ६४-बिट दोन्हींत मिळते. एखाद्या मशीनवर विंडोज १० आहे पण ३२-बिटचं, तर तिथे १.८३ पर्यंत जाता येतं, त्यापुढे ३२-बिट विंडोजचं बांधकाम बंद झालं. जुन्या आवृत्त्या व्हीएस कोडच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच असतात, प्रत्येक आवृत्तीच्या माहितीपानावर दुवे दिलेले आहेत. 'ओल्ड व्हर्जन' नावाच्या तिऱ्हाईत साइटवरून एक्झी घेऊ नका. विद्यार्थ्यांच्या पेनड्राइव्हमधून लॅबमध्ये काय काय फिरतं ते तुम्ही रोज बघता. त्यात आपण भर घालायला नको.

दुसरा एरर जरा समजावून सांगतो, कारण सी शिकवणाऱ्याला तो आवडेल. तुमचे विद्यार्थी जे प्रिंटएफ आणि मॅलॉक वापरतात, तीच फंक्शन पायथनचा दुभाषी आतून वापरतो, आणि ती कुठल्यातरी डीएलएलमध्ये असावी लागतात. पूर्वी व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रत्येक आवृत्तीची वेगळी रनटाइम डीएलएल असायची. २०१५ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तिचे दोन भाग केले: कम्पायलरशी बांधलेला छोटा भाग वेगळा, आणि बाकीचा सगळा 'युनिव्हर्सल सीआरटी' म्हणून विंडोजचाच हिस्सा. विंडोज १० मध्ये तो जन्मजात आहे. विंडोज ७ मध्ये तो केबी२९९९२२६ या अपडेटने येतो. तुमच्या मशीनवर हे अपडेट कधी बसलंच नाही, म्हणून पायथन अडतं. एडिटर इथे फक्त निरोप्या आहे. तो पायथनला हाक मारतो आणि आलेला एरर दाखवतो.

यावर इंटरनेटवर सर्रास मिळणारा उपाय म्हणजे ती एक डीएलएल कुठूनतरी उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकणे. तो करू नका. 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' या नावाने सुरू होणाऱ्या डीएलएल अनेक आहेत, आणि त्या नुसत्या पाट्या आहेत. खरं काम त्यांच्या मागच्या एका मोठ्या डीएलएलमध्ये होतं. एक टाकली की दुसरी मागेल, दुसरी टाकली की तिसरी. आणि कुणी दिलेली डीएलएल आपण विंडोजच्या गाभ्यात ठेवतोय, हे वेगळंच.

बरोबर क्रम असा. सर्व्हिस पॅक १ नसेल तर आधी तो. मग केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९. या दोन केबींपैकी पहिलं हे अपडेट बसवणारी यंत्रणाच दुरुस्त करतं आणि दुसऱ्याने विंडोज ७ ला शा-२ सही ओळखता येते. त्यानंतर केबी२९९९२२६. प्रत्येकानंतर मागेल तर रीस्टार्ट द्या, दोन अपडेट एकदम उरकायला जाऊ नका. हे सगळे मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर एमएसयू फाइल म्हणून मिळतात आणि ३२ व ६४ बिटचे वेगळे असतात. 'हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही' असा निरोप आला तर तीनच कारणं शोधा: बिट चुकलं, सर्व्हिस पॅक नाही, किंवा ते आधीच बसलेलं आहे. व्हिज्युअल सी प्लसप्लसचा रीडिस्ट्रिब्युटेबल पॅक ०एक्स८०२४००१७ हा आकडा दाखवून थांबत असेल, तरी मूळ दुखणं बहुतेक वेळा हेच असतं, आणि वरचा क्रम पुरा केला की तोही बसतो.

पायथनची आवृत्तीही खाली आणावी लागेल. विंडोज ७ वर ३.८ ही शेवटची शाखा, ३.९ ला विंडोज ८.१ लागतं. ३.८ मध्ये तयार इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती ३.८.१० आहे. बसवताना पहिल्याच पडद्यावर खाली 'ॲड टू पाथ'ची चौकट असते (पाथ म्हणजे विंडोज जिथे कमांड शोधतं त्या फोल्डरांची यादी), तिच्यावर खूण करा. ती राहून गेली की एडिटरमध्ये 'पायथन इज नॉट रेकग्नाइज्ड' येतं आणि विद्यार्थी एडिटरला नावं ठेवतात. सी चंही तसंच. व्हीएस कोडमध्ये कम्पायलर नसतो, हे टर्बो सी वरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तिथे एडिटर आणि कम्पायलर एकाच निळ्या पडद्यात होते. मिनजीडब्ल्यूचा जीसीसी, म्हणजे विंडोजवर चालणारा मोफत सी कम्पायलर, वेगळा बसवा, त्याचा बिन फोल्डर पाथमध्ये घाला, आणि व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडा. आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नवा पाथ कळत नाही.

आता माझं स्पष्ट मत. दोन जीबी रॅम आणि ३२-बिट विंडोज असलेल्या मशीनवर व्हीएस कोड बसतो, पण बसवू नये. कागदावर त्याला एक जीबी पुरते. प्रत्यक्षात सी चं एक्स्टेंशन (एडिटरला जोडायचा पूरक भाग) चालू झालं, शेजारी ब्राउझर उघडला, की हार्ड डिस्कचा दिवा विझत नाही आणि पोराने दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागतो. पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाला वाटतं की चूक आपली आहे. हे मला फार लागतं. त्या मशीनवर नोटपॅड++ आणि कमांड प्रॉम्प्ट द्या. लिहिणं, जतन करणं, स्वतःच्या हाताने जीसीसी चालवणं. शिकण्याच्या दृष्टीने ते कमी नाही, पहिल्या सेमिस्टरला तर जास्तच चांगलं. कम्पाइलचं बटण हवंच असेल तर मिनजीडब्ल्यूसकट येणारा कोडब्लॉक्स २०.०३ किंवा जिनी बघा. कुठे एखादं एक्सपीचं मशीन निघालंच, तर त्यावर चालणारं नोटपॅड++ म्हणजे ७.९.२. तिथे व्हीएस कोडचं नाव काढू नका.

चार जीबी किंवा जास्त रॅमच्या मशीनवर १.७०.३ व्यवस्थित चालतो. तिथे दोन गोष्टी सांभाळा. एक, सेटअप दोन तऱ्हांचे असतात: 'युजर' आणि 'सिस्टिम'. युजर सेटअप ज्या लॉगिनने बसवला त्यालाच दिसतो. तुम्ही ॲडमिनने बसवता आणि विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये आयकॉन नाही, ही तक्रार तिथून येते. लॅबला सिस्टिम सेटअप घ्या. दोन, एक्स्टेंशन. जुना व्हीएस कोड इंटरनेटला जोडलेला असेल तर आपल्याला झेपेल अशी आवृत्ती तो स्वतः निवडतो. पण पेनड्राइव्हवरून एक्स्टेंशनची व्हीएसआयएक्स फाइल दिली आणि ती नवी असेल, तर 'सुसंगत नाही' म्हणून नाकारतो. मला सोयीची वाटणारी पद्धत अशी: विंडोज ७ च्याच एका मशीनला तासभर नेट द्या. तिथे १.७०.३ ची झिप उघडा, एक्झीच्या शेजारी 'डेटा' नावाचा रिकामा फोल्डर करा आणि मग व्हीएस कोड चालू करा. तो फोल्डर दिसला की सेटिंग आणि एक्स्टेंशन सगळं त्यातच साठतं. सी आणि पायथनची एक्स्टेंशन बसवा, नेट काढा, आणि तो अख्खा फोल्डर बाकीच्या मशीनवर कॉपी करा. मग इन्स्टॉल हा प्रकारच उरत नाही. मात्र फोल्डर अशा जागी ठेवा जिथे विद्यार्थ्याच्या लॉगिनला लिहायची परवानगी आहे. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवलात तर सेटिंग साठवताना अडेल. कॉपी करण्याआधी सेटिंगमध्ये 'अपडेट मोड' हा 'नन' करा आणि एक्स्टेंशनचं आपोआप अपडेट बंद करा.

खिडकी उघडते पण आत नुसता काळा किंवा पांढरा पडदा दिसतो, असं एखाद्या मशीनवर होईल. ते जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे. शॉर्टकटच्या शेवटी दोन डॅश देऊन 'डिसेबल-जीपीयू' लिहा, काम भागतं.

आता उबुंटू. १८.०४ मध्ये जीलिबसी २.२७ आहे, आणि व्हीएस कोडला १.८६ पासून, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीपासून, २.२८ लागते. तुम्ही एका पायरीने कमी पडता. टर्मिनलमध्ये एलडीडीला दोन डॅश व्हर्जन दिलं की आपला आकडा कळतो. उपाय विंडोजसारखाच, मागची आवृत्ती: १.८५ ची डेब फाइल (उबुंटूचा सेटअप) घ्या. डीपीकेजीने बसवण्यापेक्षा ॲप्ट इन्स्टॉलला फाइलचा मार्ग द्या, म्हणजे लागणारी बाकीची पॅकेजं ते स्वतः ओढतं. आणि बसवल्या बसवल्या ॲप्ट-मार्क होल्ड कोड ही कमांड द्या. कारण ही डेब फाइल मायक्रोसॉफ्टचं भांडार ॲप्टच्या यादीत घालते. मग पुढच्या अपग्रेडला ॲप्ट नवी आवृत्ती आणायला बघतं आणि अवलंबित पॅकेजांच्या तक्रारी सुरू होतात.

इथे एक कळकळीची विनंती. 'जीलिबसी २.२८ कसं बसवावं' असं शोधून कुणी दिलेल्या कमांडनी सिस्टिमची सी लायब्ररी बदलू नका. त्या एका फाइलवर बॅश, एलएस, सीपी, सुडो, सगळं उभं आहे. ती अर्धवट बदलली गेली की पुढची कुठलीच कमांड चालत नाही, चूक मागे घेण्यासाठी लागणारी कॉपीची कमांडसुद्धा नाही. मग लाइव्ह पेनड्राइव्हने मशीन चालू करून आतली लायब्ररी परत ठेवावी लागते. एका एडिटरसाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. १८.०४ चा नेहमीचा आधार मे २०२३ मध्ये संपलेला आहे, तेव्हा सुट्टीत ती मशीन नव्या आवृत्तीवर न्याच, २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, पण तिचाही नेहमीचा आधार संपला आहे, त्यामुळे जायचंच तर त्याच्याही पुढे जा. तोवर १.८५ ने टर्म निघेल. तुमच्या यादीत ज्या ३२-बिट विंडोजसमोर '६४-बिट केपेबल: येस' लिहिलं असेल आणि रॅम चार जीबी करता येत असेल, त्यांचाही याच वेळी विचार करा. त्या मशीनवर हलकं ६४-बिट लिनक्स टाकलं की एडिटरचा, पायथनचा आणि जीसीसीचा प्रश्न एकदमच सुटतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की कॉमेंट मराठीत लिहिल्या तर चालतील का. चालतील, आणि लिहू द्या. फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, जतन झाली पाहिजे. व्हीएस कोड तसंच करतो. नोटपॅड++ मध्ये एन्कोडिंगच्या मेनूत एकदा बघून घ्या. विंडोज ७ च्या साध्या नोटपॅडमध्ये मात्र ठरलेली निवड 'एएनएसआय' असते. त्यात मराठी जतन केलं की नोटपॅड एकदा इशारा देतं, मुलं तो न वाचता ओके दाबतात, आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ती परत अक्षरं होत नाहीत, मजकूर गेलेला असतो. प्रोग्रॅम चालवल्यावर काळ्या खिडकीत देवनागरी नीट दिसली नाही तर तो कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीचा प्रश्न आहे, तिला देवनागरी नीट दाखवता येत नाही. फाइल शाबूत आहे, घाबरू नका.

तुमच्या लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं, मशीन दर वेळी मूळ स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर असेल तर काम सुरू करण्याआधी ते 'थॉ' करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. नाहीतर दिवसभराचं सगळं रात्री मशीन बंद केल्यावर पुसलं जाईल. बसवून झालं की एकेका मशीनवर विद्यार्थ्याच्या लॉगिनने जा: एडिटर उघडा, चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहा, त्यात एक मराठी कॉमेंट टाका, जतन करा, कम्पाइल करा, मग मशीन रीस्टार्ट करून तीच फाइल पुन्हा उघडा. ज्या मशीनवर हे जमणार नाही, तिथला एरर शब्दशः आणि यादीतले तिन्ही तपशील मला पाठवा.